पाठी बघत फिरणारा मास्टर

पहिल्यांदा तो आमच्या मागे लागला तेव्हा मला वाटलं, खिसेकापू आहे. दुसऱ्यांदा वाटलं, नजर वाईट आहे. तिसऱ्यांदा मी त्याची कॉलर धरली.

कोठी बाजारातली गोष्ट. माझी बायको, कौसा, तिला दवाखान्यात दाखवून मी परत आणत होतो. ती दर पन्नास पावलांवर थांबायची, दिसेल त्या दुकानाच्या ओट्यावर हात टेकून वाकायची, दोन मिनिटांनी पुन्हा चालू लागायची. आम्ही थांबलो की हा थांबायचा. आम्ही निघालो की हा निघायचा. उंच, वाळका माणूस, पांढरा सदरा, गळ्यात शिंप्यासारखी मोजपट्टी, आणि नजर सरळ माझ्या बायकोच्या कमरेवर.

"कैकू पीछे पीछे आरें जी?" मी म्हणालो. "औरतां नहीं देखे क्या कभी?"

त्याने कॉलर सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. आम्ही दोघं आपसात बोलत होतो ते त्याने ऐकलं असणार, कारण तो मराठीतच म्हणाला, "दादा, अक्कांची डावी चप्पल बघा. टाचेला बाहेरच्या अंगाने झिजली असेल. उजवी शाबूत असेल."

मी काही बघणार नव्हतो. कौसानेच भर रस्त्यात चप्पल काढून उलटी केली. झिजलेली होती.

"मणका पुढे सरकलाय," तो म्हणाला. "पायाला मुंग्या येतात, वाकलं की उतरतात. किती दिवस झाले, अक्का?"

"दीड वर्ष," कौसा म्हणाली, आणि मग रस्त्यातच सगळं सांगत सुटली. डॉक्टरला निम्मं सांगणारी बाई. मला तर पावसुद्धा सांगत नव्हती.

अफझलगंजात एका लोखंडाच्या दुकानात मी छत्तीस वर्षं काट्यावर उभा होतो. माणसं भंगारात माती भरून आणायची, सळया पाण्यात बुडवून आणायची, आणि वर देवाची शपथ घ्यायची. काट्यावर उभा राहिलेला माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही, ठेवला तर दुकान बुडतं. तेव्हा या माणसावरही मी ठेवला नाही. माझ्या बायकोच्या पाठीचं त्याने भलं केलं की वाटोळं केलं, एवढंच मला पुढची तीन वर्षं कळून घ्यायचं होतं. कौसा गेल्यावर तर त्यावाचून झोप लागेना.

त्याला सगळे मास्टर म्हणायचे. कोठीतल्या पुस्तकांच्या दुकानांमागे एक गल्ली आहे, तिथे एका जिन्याखाली त्याचं दुकान होतं. कमरेचे पट्टे शिवायचा. मणक्याचं ऑपरेशन झालं की डॉक्टर जो पट्टा बांधायला सांगतात तो. त्याचा बाप टांग्याच्या घोड्यांचा साज शिवायचा. टांगे गेले, घोडे गेले, बाप गेला, सुया राहिल्या. मास्टर म्हणायचा, "बाप घोड्यांच्या पाठी बघायचा, मी माणसांच्या बघतो. घोडी बरी होती. दुखलं तर लाथ मारायची. माणसं हसून 'ठीक आहे' म्हणतात."

दुकानात एक स्टूल होतं, पण त्यावर त्याला बसलेलं कुणी पाहिलं नाही. दिवसभर उभा. शिवायचा उभ्याने, चहा बशीतून प्यायचा उभ्याने, भिंतीला एक खांदा टेकून. मी एकदा म्हणालो, "मास्टर, बसा की." तर म्हणाला, "बसलो की बघता येत नाही." मला हे उत्तर तेव्हाच खोटं वाटलं होतं. ते लक्षात ठेवलं.

गिऱ्हाईक आलं की पट्ट्याचं माप घ्यायच्या आधी तो त्याला जमिनीवरच्या पाटावर बसवायचा आणि उठायला सांगायचा. उठताना माणसाचा हात आधी कुठे जातो ते बघायचा. गुडघ्यावर, भिंतीवर, की बरोबर आलेल्याच्या खांद्यावर. कौसाचा हात जमिनीवर गेला. डावा हात. ती डावखुरी होती.

"अक्का कुणाचा आधार घेत नाहीत," मास्टर माझ्याकडे बघून म्हणाला. जसं काही मी देत नव्हतो.

मग तो मोजपट्टी बाजूला ठेवून सुती फीत घ्यायचा, कमरेभोवती फिरवून तेवढीच कापायचा, आणि टोकावर नाव लिहून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. खिळे दोन होते. एकावर मोठ्या चिरेची माणसं, दुसऱ्यावर छोट्या चिरेची. मोठी चीर म्हणजे पाठ सरळ उघडून, मांस बाजूला सारून, दोन मणके स्क्रू घालून एकमेकांना जोडायचे. छोटी चीर म्हणजे तेच काम, पण दोन बाजूंना बोटाएवढी छिद्रं पाडून, नळ्या घालून, आतलं टीव्हीवर बघत करायचं. काम एकच, वाट वेगळी. हे मला मास्टरने सांगितलं, आणि मी चौथी शिकलेला माणूस, मला ते समजलं. डॉक्टरने सांगितलं होतं तेव्हा समजलं नव्हतं.

त्याचा सगळा वेडेपणा त्या फितींत होता. पट्टा दिला की गिऱ्हाईक संपलं असं तो मानायचा नाही. एका वर्षाने, मग दोन वर्षांनी, ती फीत खिशात घालून त्या माणसाच्या घरी जायचा. नल्लकुंट्याला, मलकपेठेला, कुठेही, आणि बसमध्येसुद्धा उभाच. घरी जाऊन विचारायचा. खाली बसून जेवता का? भरलेली बादली उचलता का? कोठीपर्यंत बसमध्ये उभं राहून येता का? आणि शेवटी, मागे गेलात तर हे पुन्हा करून घ्याल का? 'हो'ला फितीवर एक गाठ. 'नाही' असेल तर तेवढी जागा मोकळी. पुढच्या वर्षी गाठी सोडून पुन्हा पहिल्यापासून.

मी त्याला म्हणालो, "हे डॉक्टर लोक विचारत नाहीत का?"

"विचारतात. सहाव्या दिवशी विचारतात. सहाव्या दिवशी नवरीसुद्धा खूश असते, दादा. दुसऱ्या वर्षी विचारा."

दुसरं एक वाक्य त्याचं नेहमीचं. "एक्स-रेत स्क्रू दिसतो, दुखणं दिसत नाही." हे तो एक्स-रे काढणाऱ्यांच्या दारात उभा राहून म्हणायचा. मोठमोठ्या दवाखान्यांच्या फाटकापाशी तो सुटी मिळालेल्या माणसांची चाल बघत उभा राहायचा, तिथले वॉचमन त्याला हाकलायचे. एकाने मला सांगितलं, "वो बुड्ढा पागल है, नहीं तो एजंट है."

एजंट. हा शब्द माझ्या डोक्यात बसला.

कौसासाठी आम्ही दोन ठिकाणी दाखवलं होतं. एक नवा काचेचा दवाखाना, तिथला तरुण डॉक्टर. त्याने फिल्म दाखवली. छोटी चीर, रक्त कमी जातं, दुसऱ्या दिवशी चालायचं, चार दिवसांत घरी. माझा मुलगा बँकेत आहे, त्याला ते लगेच पटलं. मोबाईलवर फोटो काढून काढून मला दाखवायचा. "बाबा, बघा ना, अंगठ्याएवढा व्रण." दुसरी जागा सरकारी दवाखाना, तिथल्या वयस्कर डॉक्टरीणबाई. त्या फक्त मोठी चीर करायच्या. त्यांनी फिल्म दाखवली नाही. म्हणाल्या, महिनाभर चांगलं दुखेल, तीन महिने पट्टा.

मी मास्टरकडे गेलो. सरळ विचारलं, "तुमच्या खिळ्यांवर काय दिसतं? कुठली चांगली?"

त्याने दोन्ही हातांत दोन्ही जुडगे धरले. "पहिला महिना छोटीवाले पुढे. चालतात लवकर, हसतात लवकर. दुसऱ्या वर्षी दोघं एकाच पंगतीला जेवायला बसतात. याच्यावर जेवढ्या गाठी तेवढ्याच त्याच्यावर. मोकळ्या जागा पण तेवढ्याच."

"म्हणजे काय करू?"

"मी पट्टे शिवतो, दादा. चीर बघू नका, हात बघा. ज्याचा जिथे हात बसलाय त्याला ते करू द्या."

आता ऐकणाऱ्याने याचा अर्थ काय घ्यायचा? म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचा हात बसलेला. पोराची फिल्म नवी. मी अर्थ घेतला, मास्टर मोठी चीर सांगतोय. घरी येऊन मी ताटावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मोठी चीर. सरकारी दवाखाना. ठरलं."

मुलगा उठून गेला. कौसा भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

चाळीस वर्षांच्या संसारात ती बाई मला एकदाही 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाली नव्हती. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. सगळ्या जगावर आला, तिथे नाही आला.

ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कौसा तसं काही म्हणाली नाही. पहिला महिना ती कुशीवर वळायला मला हाक मारायची, आणि मी वळवलं की दातांत पदर धरायची. त्याच महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका बाईचं छोट्या चिरेचं झालं. ती दहाव्या दिवशी भाजी घेऊन आमच्या दारावरून गेली. वर खिडकीत बघून म्हणाली, "क्या कौसाबाई, अभी भी सोरें?" मुलगा तिथेच होता. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्याने बोलायला पाहिजे होतं.

त्याच सुमाराला मला एक गोष्ट कळली. मास्टरने एका ऑटोवाल्याला छोटी चीर करून घे म्हणून सांगितलं होतं, अगदी स्पष्ट. ऑटोवाला तीन आठवड्यांत गाडीवर. माझ्या काट्याची सुई तिथे अडकली. त्याला छोटी सांगितली, आम्हाला मोठी का? मग माझं मीच उत्तर काढलं. मोठ्या चिरेला मोठा पट्टा लागतो, जाड, आत पोलादी पट्ट्या घातलेला, तीन महिने बांधायचा. छोट्या चिरेला हलका लागतो, दुकानात तयार मिळतो, कुणी कुणी बांधतसुद्धा नाही. पट्टे शिवणारा माणूस दुसरं काय सांगणार? आणि मी त्याच्या दारात स्वतःच्या पायाने गेलो.

मी जाऊन त्याला हे तोंडावर विचारलं. "ऑटोवाल्याला छोटी कशी सांगितली?"

"त्याचं पोट रोजच्या फेऱ्यांवर आहे. त्याला पहिला महिना म्हणजेच सगळं. दुसऱ्या वर्षाची वाट बघेपर्यंत त्याची पोरं काय खातील?"

"आणि माझ्या बायकोला मोठी?"

तो सुई ओढत राहिला. मग म्हणाला, "अक्का बऱ्या आहेत ना?"

उत्तर टाळणारा माणूस मी काट्यावर हजारदा पाहिलाय. त्या दिवशी मी ठरवलं, हा चोर आहे.

पण पट्टा त्याने चांगला शिवला होता, हे खोटं कशाला सांगू. कौसाला जिथे जिथे टोचायचं तिथे तिथे त्याने घरी येऊन आतून मऊ कापड लावलं. तीन महिन्यांनी पट्टा सुटला. सहा महिन्यांनी ती बाजारात जाऊ लागली, न थांबता. कोठी ते बडी चावडी, न थांबता. मला वाटलं, झालं, आता हिची पाठ माझ्याहून चांगली. घरातलं सगळं पूर्वीसारखं करायची. फक्त एकदा म्हणाली, "ती मोठी बादली गळतीय. टाकली माळ्यावर." आणि दोन छोट्या बादल्या आणल्या. घरातल्या बादल्या गळतात. यात काय बघायचं असतं?

पहिल्या वर्षी मास्टर आला तेव्हा मी कामावर होतो. दुसऱ्या वर्षी आला तेव्हा मी काम सोडलेलं, घरीच. त्याने फीत काढली आणि मला म्हणाला, "दादा, खाली जाऊन चहा पिऊन या."

"माझ्या घरात मला बाहेर जायला सांगता?"

"नवरा समोर असला की सगळ्या बायका बऱ्या असतात," तो म्हणाला. "आणि बायको समोर असली की सगळे नवरे मेलेले असतात. जाऊन या."

कौसा पदरात हसली. मी खाली गेलो, चहा घेतला, प्यालो नाही, बशीत थंड झाला. वीस मिनिटांनी वर आलो तर तो जायला निघालेला, फीत खिशात. मी कौसाला विचारलं, "काय विचारलं त्याने?" म्हणाली, "विचारलं काहीबाही." "तू काय सांगितलंस?" "सांगितलं काहीबाही." एवढंच. त्यानंतर मी तिला पाच-सहा वेळा विचारलं. तिने विषय बदलला.

त्याला आठ महिनेही झाले नाहीत, कौसा गेली. सकाळी वाटाणे सोलत बसली होती, खाली बसून, मांडी घालून. मला म्हणाली, "जरा पाणी द्या," आणि मी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. हृदय, डॉक्टर म्हणाले. पाठीचा काही संबंध नाही म्हणाले. मी त्यांच्याकडेही तसंच बघितलं जसं ओल्या सळईकडे बघायचो. वाटाणे तिच्या ओच्यात होते. ते कुणी उचलले, मला आठवत नाही.

पुण्यानुमोदनाला माणसं आली, बुद्धवंदना झाली, जेवून गेली. घर रिकामं झाल्यावर मुलगा माझ्यासमोर बसला. तीन वर्षं आत ठेवलेलं बोलला.

"बाबा, तुम्ही त्या पट्टेवाल्याच्या नादी लागला नसता तर आईचे ते तीन महिने तरी वाचले असते. किती दिवस उरले होते तिला? त्यातले तीन महिने तिने तोंडात पदर धरून काढले."

  दुसऱ्या वर्षी दोघं एका पंगतीला बसतात म्हणे. पण ज्याला तिसरं वर्षच पूर्ण मिळालं नाही, त्याने पहिल्या महिन्याचं काय करायचं?

दुसऱ्या दिवशी मी कोठीला गेलो. भांडायलाच गेलो.

मास्टर स्टुलावर चढून वरच्या फळीवरून कापड काढत होता. हात वर केलेले, सदरा वर सरकलेला. मी दारातच थांबलो. त्याच्या कमरेवर मणक्याच्या दोन्ही बाजूंना व्रण होते. दोन इकडे, दोन तिकडे. बोटाएवढे. अंगठ्याएवढे. माझ्या मुलाने मोबाईलवर दाखवलेले, अगदी तसेच.

 मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गल्लीतले दोघं-तिघं धावत आले. मी म्हणत होतो, "स्वतःला छोटी! आणि माझ्या बायकोला मोठी! तुझे पट्टे खपायला माझी बायको उघडी केलीस!"

मास्टर हळूहळू स्टुलावरून उतरला. आधी एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. आलेल्या माणसांना त्याने हाताने जायला सांगितलं.

"अक्का कशा आहेत?" तो म्हणाला.

"मेली."

तो भिंतीला टेकला. खरं सांगतो, त्या माणसाचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता, पण मी बघितला, कारण मला तो तपासायचा होता.

"माझं आठ वर्षांपूर्वी झालं," तो म्हणाला. "पहिला महिना स्वर्ग होता. आता बसवत नाही. त्याच डॉक्टरने केलेला ऑटोवाला अजून गाडी चालवतो. लोकांना माझी पाठ दाखवली असती तर सगळे मोठीकडे पळाले असते. एका पाठीवरून दुसरी ठरत नाही, दादा. म्हणून झाकून ठेवतो."

"मग तिला मोठी का सांगितलीस?"

"मी सांगितली नाही." त्याने हातातलं कापड खाली ठेवलं. "अक्कांनी तुम्हाला सांगितलं नाही तर. तुम्ही माझ्याकडे आलात ना विचारायला, त्याच्या आदल्या आठवड्यात अक्का एकट्या आल्या होत्या. त्याआधी सरकारी दवाखान्यात जाऊन आल्या होत्या, तेपण एकट्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं, छोटी चीर का करत नाही? बाई म्हणाल्या, 'अम्मा, मेरेकू वो नहीं आता. बडा आता, बरोबर आता.' अक्का मला म्हणाल्या, 'जी डॉक्टर मला येत नाही म्हणते, तिच्या हातात मी पाठ देते.' तारीख घेऊन आल्या होत्या."

"मला का नाही सांगितलं?"

"मीपण तेच विचारलं. म्हणाल्या, 'ह्यांना स्वतः ठरवू द्या. दुसऱ्याने ठरवलेल्या गोष्टीत हे जन्मभर शंका काढतात.' आणि माझ्याकडून शब्द घेतला, सांगू नका म्हणून. त्या असेपर्यंत मी पाळला."

बोलणं कौसासारखंच होतं. पण मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं, हे मला काट्यावर शिकायला मिळालंय. मी तसं म्हणालो. "खपवतोयस तू."

त्याने वाद घातला नाही. मोठीच्या खिळ्यापाशी गेला, जुडग्यातून एक फीत सोडवली आणि माझ्या हातात दिली. टोकावर कौसाचं नाव. तीन गाठी. दुसऱ्या गाठीची जागा मोकळी.

"यात काय?" मी म्हणालो. "गाठी तूच मारल्यास."

"मी एकही मारत नाही. फीत त्यांच्या हातात देतो. ज्याची पाठ त्याची गाठ."

त्या खिळ्यांवरच्या गाठी मला पहिल्यापासून खटकायच्या. कारागिराच्या हातच्या गाठी इतक्या गबाळ्या कशा, कुठली सैल, कुठली लठ्ठ, कुठली अर्धीच. मी मनात म्हणायचो, हा पाच मिनिटांत उभ्या उभ्या खोट्या मारतो. आता मी कौसाच्या फितीवरची गाठ उजेडात धरली.

छत्तीस वर्षं ती माझा डबा फडक्यात बांधून द्यायची. डावखुऱ्या हाताने दोन वेढे, शेपूट डावीकडे. उजवं टोक ओढलं की सुटायच्या ऐवजी आवळायची. दुकानातला हमाल रोज दुपारी म्हणायचा, "मियाँ, ये गठान है कि ताला?" मला ती गाठ डोळे मिटूनही सोडवता यायची आणि डोळे मिटूनही ओळखता यायची.

दोन वेढे. शेपूट डावीकडे. तिन्ही.

पहिली, खाली बसून जेवते. तिसरी, बसमध्ये उभी राहून येते. आणि शेवटची. तिच्यावर माझा अंगठा बराच वेळ राहिला. पुन्हा करून घेशील का? ती सगळ्यात घट्ट होती.

"त्या तीन महिन्यांचं काय?" मी विचारलं.  "पोरगा म्हणतो, तिला दिवस किती उरले होते."

मास्टरने मान हलवली. "ते फीत सांगत नाही, दादा. ते कुठलीच फीत सांगत नाही."

निघताना मी विचारलं, "तुझी स्वतःची फीत आहे का इथे?" त्याने छोटीच्या खिळ्याकडे बोट केलं. सगळ्यात मागची, मळलेली. एकच गाठ, बसची. शेवटची जागा मोकळी. "मला विचारायला कोण येणार?" तो म्हणाला. "दरवर्षी मीच विचारतो." कौसाची फीत त्याने मला नेऊ दिली. तिच्या जागी खिळ्यावर काही लावलं नाही.

मास्टरही गेला मागच्या हिवाळ्यात. जिन्याखाली आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दोन्ही खिळे भिंतीत आहेत, त्यांना चार्जरच्या वायरी टांगल्यात. मी अजून कधी तिकडून गेलो तर माणसांच्या टाचांकडे बघतो. ती सवय त्याची, मला लागली.

पण त्या दिवसाचं राहिलं. घरी येऊन मी मुलाच्या हातात फीत दिली. त्याने ती इकडून तिकडून बघितली. गाठ ओळखली. डबा त्यालाही मिळायचा शाळेत. मी त्याला सगळं सांगितलं, आईने कुणाला विचारलं, काय म्हणाली. तो मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "आणि ही?"

"बादलीची," मी म्हणालो.

आणि म्हणता म्हणताच उठलो. मुलगा "बाबा, पडाल" म्हणत मागे आला. मी माळ्याला शिडी लावली आणि ती मोठी बादली खाली काढली. धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं. नळाखाली ठेवली, काठोकाठ भरली, कोरड्या फरशीवर उचलून ठेवली. आम्ही दोघं बाजूला बसलो. मुलाने दोनदा खाली हात फिरवून पाहिला.

संध्याकाळपर्यंत फरशी कोरडीच होती.